भाड्याचा फ्लॅट आणि करार

डोंबिवली, बदलापूर, विरारच्या सोसायट्यांमध्ये फ्लॅट भाड्याने घेताना बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार होतो. त्यातून जागा वापरण्याची परवानगी मिळते, कुळाचा हक्क नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज घट्ट रुजलेला असला तरी राज्यात तो चुकीचाच आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद उद्भवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत राहणाऱ्याचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते. ते ठरवताना संपूर्ण मुदतीच्या भाड्यात परतीच्या अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के व्याजही मिळवतात, त्यामुळे डिपॉझिट मोठे तर शुल्कही वाढते. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडे भरावे लागते. मालक स्वतः राहत नसल्याने सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते मालकाच्या नावावर पडते. सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक ते आकारता येत नाही.