घोणस एकच, विष मात्र ठिकाणागणिक वेगळं

साप चावला की इंजेक्शन टोचायचं आणि माणूस बरा होतो, हा शिकलेल्या माणसाचा समज आहे. मांत्रिकाच्या झाडपाल्याला हसणारी मंडळीही तो बिनदिक्कत बाळगतात. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो सहजासहजी सुटत नाही. तो तपासायला कोलकात्याइतकी योग्य जागा नाही. तिथल्या मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सा शिकवणाऱ्या जोसेफ फेररने कुत्र्यांना आणि कोंबड्यांना सर्पदंश करवून त्या काळची नावाजलेली औषधं एकेक करून पारखली. त्यांतलं एकही उपयोगी ठरलं नाही. १८७२ साली निघालेल्या त्याच्या ‘थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया’ या ग्रंथात आणखी एक मोलाचं निरीक्षण आहे. नागाच्या दंशाने मेलेल्या प्राण्याचं रक्त गोठतं, घोणशीच्या दंशाने मेलेल्याचं बहुधा पातळच राहतं. म्हणजे ‘सापाचं विष’ असा एकच पदार्थ नसतो, हे या शहरात दीडशे वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

बंगाल्यांचा चंद्रबोडा म्हणजे आपली घोणस. तिच्या विषातली विकरं रक्त गोठवणाऱ्या साखळीतले दहावा आणि पाचवा हे घटक एकदम चेतवतात. शरीरभर बारीक गुठळ्या होतात, गोठण्याचं सामान संपतं आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. पुष्कळदा मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसची पाळी येते. ओळख पटावी म्हणून साप मारून दवाखान्यात न्यावा लागतो, हाही एक गैरसमज. आपलं प्रतिविष चार सापांवर मिळून एकच असतं आणि घोणशीच्या दंशाची खूण रक्तातच सापडते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरपी करतात. रक्त ओघळलं तर विषाने गोठणं बिघडवलं आहे. नळी मात्र काचेचीच हवी. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल फसवा येतो.

आता मूळ मुद्दा. हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्यांना थोडंथोडं टोचून, त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं वेगळी करून बनतं. देशातल्या कारखान्यांना लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतं; ती १९७८ची. कोलकात्याच्या आसपासच्या भातशेतीतलं चित्र मात्र निराळं. फुरसं कोरड्या जमिनीचं. बंगालच्या ओल्या शेतांत ते जवळपास नाहीच. उलट तिथे जागोजागी आढळणारा केउटे, म्हणजे एकच गोल ठसा असलेला नाग, या चौघांत नाही. म्हणजे बाटलीतला एक भाग त्या मुलखात बिनकामाचा आणि हवा असलेला एक भाग गैरहजर.

कोणी म्हणेल, केउट्याचं ठीक, पण घोणस तर दोन्हीकडे तीच ना? जात तीच, पण विष म्हणजे प्रथिनांचं मिश्रण आणि त्यातलं प्रमाण भक्ष्य, वय, प्रदेश यांप्रमाणे बदलतं. घोणशीची पिल्लं पाली-सरडे खातात, मोठी घोणस उंदरांवर जगते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी निरनिराळ्या प्रदेशांतल्या घोणशींची विषं तुलनेला घेतली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात विषाची घडण आणि घातकता जागोजागी वेगळी निघाली आणि काही ठिकाणच्या विषापुढे बाजारातली प्रतिविषं उघड कमी पडली. मग जास्त बाटल्या द्याव्यात, हे उत्तर पुरेसं नाही. दक्षिणेतल्या विषावर तयार झालेली प्रतिद्रव्यं जे प्रथिन ओळखतच नाहीत, त्यावर बाटल्या वाढवून काय होणार? वर घोड्याच्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी होण्याचा धोका असतोच.

याचा अर्थ इंजेक्शन निरुपयोगी, असा कोणी काढला तर तो सगळ्यांत घातक गैरसमज ठरेल. सर्पविषावर सिद्ध झालेला उपाय आजही हाच आहे आणि उशिराने जीव जातो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं दगावली, असा २०२०चा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक खेड्यांतले. हे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने मार्च २०२४मध्ये जाहीर केला. पण बंगालच्या घोणशीचं आणि केउट्याचं विष घोड्यापर्यंत पोचत नाही, तोवर तिथल्या डॉक्टरांच्या हातात परमुलखाच्या मापाचंच औषध राहील. कायद्याने विष काढायला वनखात्याची परवानगी लागते. ती देऊन पूर्वेकडे विषसंकलन सुरू करावं, एवढं सरकारने करायला हवं. आपण इतकंच करावं: चावा घेतलेला भाग घट्ट बांधू नये, कापू नये, चोखू नये, तो हलू न देता रुग्णाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावं.