दोन टिंबे, बरोबरचे चिन्ह आणि एक राजीनामा

१२ जुलै २०१८ रोजी गुइडो व्हॅन रॉसम यांनी आपल्या सहकाऱ्यांना एक छोटेसे पत्र पाठवले. ‘पायथन’ ही संगणकभाषा त्यांनी घडवली होती आणि सुरुवातीपासून तिच्याविषयीचा शेवटचा शब्द त्यांचाच असे. त्या दिवशी त्यांनी तो अधिकार सोडला. एका प्रस्तावासाठी इतके झगडावे लागावे आणि एवढे करूनही इतक्या जणांना आपला निर्णय नकोसा वाटावा, हे पुन्हा नको, असा पत्राचा सूर होता. वाढते वय, थकवा आणि प्रकृतीच्या तक्रारी यांचाही ओझरता उल्लेख होता. ते तेव्हा ६२ वर्षांचे होते. वारस मात्र त्यांनी नेमला नाही. पुढे लोकशाही आणायची, हुकूमशाही आणायची की अनागोंदी माजू द्यायची, हे तुम्हीच ठरवा, असे सांगून ते बाजूला झाले.

ज्यावरून हे घडले ते होते एक चिन्ह. दोन टिंबे आणि त्यांना चिकटून बरोबरची खूण, म्हणजे :=. मान वाकडी करून पाहिले तर दोन डोळे आणि दोन सुळे दिसतात, म्हणून ‘वॉलरस’ या समुद्री प्राण्याचे नाव त्याला पडले. बाहेरच्या माणसाला हसू यावे असाच हा वाद. पण ज्या भाषेवर जगभरातील लाखो लोकांचे रोजचे काम चालते आणि जिला कोणी मालक नाही, त्या भाषेत बदल करायचा तर तो कोणी ठरवायचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

या प्रश्नाचा विज्ञानाशी थेट संबंध आहे. १० एप्रिल २०१९ रोजी कृष्णविवराची पहिली प्रतिमा जगापुढे आली. ती तयार करताना पायथनमध्ये लिहिलेले प्रोग्राम वापरले होते. जनुकांची साखळी तपासणारे जीवशास्त्रज्ञ, हवामानाची आकडेमोड करणारे संशोधक, कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारे अभियंते असे सगळेच पायथन वापरतात. आपल्याकडे सीबीएसईच्या अकरावी-बारावीत संगणकशास्त्र घेतलेली मुले हीच भाषा शिकतात. आयआयटी मुंबईचा ‘फॉसी’ प्रकल्पही अनेक वर्षे तिचा प्रसार करतो आहे. भाषेत एक चिन्ह वाढले, की या सगळ्यांना ते निदान वाचता तरी यावे लागते. स्वतः वापरले नाही तरी दुसऱ्याने वापरलेले समोर येतेच.

मालक नसलेली भाषा

१९८९च्या नाताळच्या सुटीत अॅम्स्टरडॅम येथील ‘सीडब्ल्यूआय’ या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या गुइडो यांनी वेळ घालवण्यासाठी एक नवी संगणकभाषा लिहायला घेतली. वाचायला सोपी, शिकायला सोपी. नाव सापावरून नव्हे, तर ‘मॉंटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून ठेवले. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांनी ती सर्वांसाठी खुली केली. ओपन सोर्स म्हणजे मुक्त स्रोत भाषा असल्याने ती कोणालाही फुकट वापरता येते, आतून उघडून पाहता येते आणि तिच्यात सुधारणा सुचवता येते.

सुचवणारे वाढले तसे ‘ठरवणार कोण’ हा प्रश्न आला. १९९५ मध्ये गुइडोंना गमतीने ‘तहहयात कनवाळू हुकूमशहा’ अशी पदवी मिळाली आणि ती चिकटली. २००० सालापासून सूचना मांडण्याची लेखी पद्धत आली. बदल हवा असेल तर प्रस्ताव लिहायचा, कारण द्यायचे, उदाहरणे द्यायची. त्याला क्रमांक मिळतो, त्यावर चर्चा होते आणि शेवटी हो किंवा नाही. या प्रस्तावाला ‘पेप’ म्हणतात. वॉलरसचा पेप क्रमांक ५७२.

तराजू आणि वही

वाद नेमका कशाचा होता? शाळेच्या गणितात बरोबरचे चिन्ह दोन्ही बाजू सारख्या आहेत असे सांगते. पायथनमध्ये तेच चिन्ह ‘उजवीकडची किंमत डावीकडच्या नावावर नोंदवून ठेव’ असा हुकूम देते. किराणा दुकानदाराचे उदाहरण घ्या. साखर तराजूत टाकली, वजन वहीत लिहिले. मग वही पाहिली, पाच किलोच्या वर भरते का ते तपासले आणि भरत असेल तर सूट दिली. पायथनमध्ये नोंदवणे आणि तपासणे ही दोन कामे दोन वेगळ्या ओळींत लिहावी लागत. वॉलरसमुळे तपासता तपासताच नोंद करता येते. दोन ओळींचे काम एका ओळीत होते.

अशी सोय ‘सी’ या जुन्या भाषेत होतीच आणि तिने अनेकांना रडवलेही होते. ‘सी’मध्ये तुलनेसाठी बरोबरचे चिन्ह दोनदा लिहावे लागते. घाईत एकदाच लिहिले गेले तर तपासणीच्या जागी नोंद होते, प्रोग्राम तक्रार न करता चालतो आणि उत्तर चुकते. म्हणूनच गुइडोंनी पायथनमध्ये हे दार पहिल्यापासून बंद ठेवले होते. पेप ५७२ ते दार किलकिले करू पाहत होता. चिन्हच वेगळे असल्याने ‘सी’सारखी चूक नजरचुकीने होणार नाही, असे प्रस्ताव मांडणाऱ्यांचे म्हणणे होते.

विरोधकांचे उत्तर वेगळ्या अंगाने आले. प्रोग्राम एकदा लिहिला जातो आणि अनेकदा वाचला जातो. लिहिणाऱ्याची एक ओळ वाचते, पण वाचणाऱ्याला वाक्याच्या पोटात दडलेली नोंद शोधावी लागते. शिवाय एखादी गोष्ट करण्याची शक्यतो एकच उघड रीत असावी, हे पायथनच्या जाणत्यांचे आवडते सूत्र आहे. मग दुसरी रीत हवी कशाला? गंमत अशी, की हे सूत्र ज्यांनी शब्दबद्ध केले ते टिम पीटर्सच क्रिस अँजेलिको आणि गुइडो यांच्याबरोबर या प्रस्तावाचे लेखक होते. पीटर्स यांनी आपले स्वतःचे जुने प्रोग्राम काढून नवे चिन्ह कुठे उपयोगी पडते आणि कुठे नाही, हे तपासले. गुइडो तेव्हा ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये होते. तिथले प्रोग्राम चाळताना त्यांना दिसले, की एक ओळ वाचावी म्हणून प्रोग्रामर तीच आकडेमोड दोनदा लिहितात आणि प्रोग्राम उगाच मंद करून ठेवतात. लोक ओळी वाचवणारच असतील, तर त्यांना नीट साधन का देऊ नये, असा हा युक्तिवाद होता.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मांडलेल्या या प्रस्तावावर महिनोन्‌महिने चर्चा चालली. तेच मुद्दे पुन्हा पुन्हा येत राहिले आणि सूर चढत गेला. शेवटी गुइडोंनी प्रस्ताव मंजूर केला आणि लगोलग ते पत्र लिहिले.

जुने अनुभव

इतका कडवटपणा का आला, हे समजायला थोडे मागे जावे लागते. २००३ मध्ये ‘अमुक असेल तर हे, नाहीतर ते’ असे एका ओळीत लिहिण्याच्या पद्धतीवर गुइडोंनी चक्क मतदान घेतले होते. पर्याय इतके होते, की कोणताच स्पष्टपणे पुढे आला नाही. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच एक पर्याय निवडला. मते मोजल्याने निर्णय आपोआप होत नाही, हा तेव्हाचा धडा.

दुसरा अनुभव जास्त महाग पडला. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथनची तिसरी आवृत्ती आली. जुन्या चुका मुळापासून दुरुस्त करायच्या म्हणून तिने दुसऱ्या आवृत्तीशी असलेली सुसंगती काही ठिकाणी जाणूनबुजून तोडली. त्यातली एक दुरुस्ती मराठी वाचकाला लगेच पटेल. ‘मराठी’ हा शब्द आजच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीने साठवून दुसऱ्या आवृत्तीला त्याची लांबी विचारली, तर उत्तर येई १५. ती अक्षरे मोजत नव्हती, साठवणीतले बाइट मोजत होती. तिसरी आवृत्ती ५ सांगते. म, र, काना, ठ आणि वेलांटी. आपल्या डोळ्यांना अक्षरे तीनच दिसतात, पण १५ पेक्षा ५ हे उत्तर भाषेच्या कितीतरी जवळचे आहे. इंग्रजीपलीकडच्या लिपींसाठी हा बदल आवश्यकच होता.

पण त्याची किंमत जुने प्रोग्राम सांभाळणाऱ्यांनी मोजली. कालपर्यंत चालणारे प्रोग्राम नव्या आवृत्तीत अडू लागले. अनेक वर्षे दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदल्या. दुसरी आवृत्ती २०१५ मध्ये थांबवायची ठरली होती, ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. १ जानेवारी २०२० रोजी तिची देखभाल अधिकृतपणे बंद झाली. म्हणजे स्थलांतराला अकरा वर्षे लागली. या सगळ्यातून गेलेल्या माणसांना ‘छोटासा बदल’ हे शब्द ऐकले तरी सावध व्हावेसे वाटे.

राजा नसलेले पाच महिने

गुइडोंच्या पत्रानंतर भाषेला कोणी वाली उरला नाही. मुख्य डेव्हलपरांनी आधी ‘रस्ट’, ‘जांगो’, ‘ज्युपिटर’ असे इतर मुक्त प्रकल्प कारभार कसा करतात याचा अभ्यास केला. मग कारभाराचे सात वेगवेगळे आराखडे पुढे आले. कोणाला पुन्हा एकच प्रमुख हवा होता, कोणाला तिघांचे मंडळ, तर कोणाला शक्य तितके निर्णय समूहानेच घ्यावेत असे वाटत होते. डिसेंबर २०१८ मध्ये मुख्य डेव्हलपरांनी मतदान केले. २००३ चा अनुभव गाठीशी असल्याने प्रत्येकाने पर्याय पसंतीक्रमाने मांडायचे आणि प्रत्येक पर्यायाची दुसऱ्याशी समोरासमोर तुलना करायची, अशी पद्धत निवडली गेली.

निवडून आला पाच जणांच्या सुकाणू समितीचा आराखडा. समिती मुख्य डेव्हलपरांनी निवडायची. तिने होता होईल तो सहमती घडवायची, आपला अधिकार शक्य तितका कमी वापरायचा. आणखी एक अट महत्त्वाची आहे. एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त सदस्य समितीत चालणार नाहीत. मोठमोठ्या कंपन्यांचा व्यवसाय पायथनवर चालत असताना भाषा एका कंपनीच्या खिशात गेल्याचा नुसता संशयही विश्वास उडवायला पुरेसा ठरतो. २०१९ च्या सुरुवातीला पहिली समिती निवडली गेली. पाचांपैकी एक होते गुइडो व्हॅन रॉसम, आता पाचातले एक मत असलेले. पुढच्या निवडणुकीतून त्यांनी माघार घेतली.

कुलूप काढण्याची परीक्षा

नव्या व्यवस्थेची मोठी परीक्षा २०२३ मध्ये झाली. पायथनच्या आत एक कुलूप आहे, ‘जीआयएल’. त्यामुळे एका प्रोग्रामचे अनेक धागे, म्हणजे थ्रेड, असले तरी एका क्षणी पायथनचे काम त्यातला एकच धागा करू शकतो. स्वयंपाकघरात आठ आचारी आहेत पण पळी एकच, असा हा प्रकार. एकाच नोंदीत दोघांनी एकदम हात घालून घोळ करू नये म्हणून हे कुलूप बसवले गेले. आजच्या संगणकांत अनेक प्रोसेसर असतात आणि शास्त्रीय आकडेमोडीला ते सगळे एकदम हवे असतात, तेव्हा हे कुलूप आड येते.

‘मेटा’ कंपनीतील सॅम ग्रॉस यांनी ते काढण्याची रीत पेप ७०३ मध्ये मांडली. फायदा उघड होता. भीतीही खरी होती. एकाच धाग्यावर चालणारे साधे प्रोग्राम थोडे मंद होणार होते आणि कुलूप आहेच असे गृहीत धरून लिहिलेली असंख्य जोड-साधने बिघडू शकत होती. जुलै २०२३ मध्ये समितीने होकाराचा इरादा जाहीर केला आणि ऑक्टोबरमध्ये औपचारिक मंजुरी दिली, पण अटींसह. बदल टप्प्याटप्प्याने होईल, आधी प्रयोग म्हणून, मग ऐच्छिक, आणि सर्व सुरळीत असेल तरच सर्वांसाठी. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळची ओढाताण पुन्हा होऊ द्यायची नाही, आणि त्रास फार झाला तर पाऊल मागे घ्यायचे, हेही आधीच सांगून टाकले. त्याप्रमाणे ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ आवृत्तीत कुलूप नसलेली पायथन प्रयोगादाखल मिळाली. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये तिला अधिकृत पाठिंबा मिळाला, तरी ती ऐच्छिकच राहिली.

वॉलरसपेक्षा हा बदल कितीतरी खोलवरचा. तरीही या वेळी एका माणसाला सगळा रोष अंगावर घ्यावा लागला नाही. निर्णय पाच जणांचा होता, अटी लेखी होत्या आणि परतीचा रस्ता मोकळा ठेवलेला होता.

वॉलरस ऑक्टोबर २०१९ मध्ये ३.८ आवृत्तीतून सर्वांच्या हाती आला. ज्यांना आवडतो ते वापरतात, इतर त्याच्याशिवाय काम चालवतात. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत दोन तास भांडण झाले, तरी इतिवृत्तात बहुधा ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ एवढेच उरते. पेप ५७२ आजही कोणालाही उघडून वाचता येतो. त्यात मंजूर झालेल्या नियमांखाली नाकारलेले पर्याय एकेक करून दिले आहेत, कारणांसह. आणि त्यापुढे वारंवार घेतल्या गेलेल्या आक्षेपांचा एक स्वतंत्र विभाग आहे.