ज्वारी-गव्हाच्या फेरपालटीत शेणखत व रासायनिक खतांचा मेळ

युरियाची पोती वाढवली तरी उतारा वाढत नाही, ही तक्रार आज विदर्भ-मराठवाड्यात सर्वत्र ऐकू येते. त्यावर एक पक्ष म्हणतो, रसायनांनी जमिनीचा जीव घेतला, ती बंद करा. दुसरा म्हणतो, शेणखतावर देशाचे पोट भरणार नाही. दोन्ही पक्षांकडे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे शोधायचे असेल, तर एकाच शेतात वर्षानुवर्षे ठेवलेला हिशेब पाहिला पाहिजे.

असा हिशेब अकोला येथे उपलब्ध आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये देशभर दीर्घकालीन खत प्रयोगांची साखळी सुरू केली. त्या साखळीत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या भारी काळ्या जमिनीवरचा प्रयोग १९८८ मध्ये सामील झाला. खरिपात ज्वारी, रब्बीत ओलिताचा गहू, आणि प्रत्येक वाफ्याला दरवर्षी तेच ठरलेले खत. एका वाफ्याला काहीच नाही. एकाला केवळ नत्र. एकाला नत्र व स्फुरद. काहींना नत्र, स्फुरद व पालाश यांच्या शिफारशीच्या निम्मी, पाऊण, पूर्ण आणि दीडपट मात्रा. एकाला पूर्ण मात्रेसोबत शेणखत. एकाला नुसतेच शेणखत.

या सर्वांत पूर्ण मात्रा अधिक शेणखत हा वाफा उत्पादनात सातत्याने अग्रभागी राहिला. त्याच वाफ्यात सेंद्रिय कर्ब वाढला, उपलब्ध स्फुरद व पालाश टिकले. केवळ नत्राच्या वाफ्यात उत्पादन घसरत गेले, कारण पीक नत्राच्या बळावर जमिनीतील इतर अन्नद्रव्ये उपसत राहिले आणि त्यांची भरपाई झाली नाही. नुसत्या शेणखताच्या वाफ्यात माती सुधारली, परंतु उत्पादन पूर्ण मात्रेच्या वाफ्याला गाठू शकले नाही.

याच साखळीतील हिमाचल प्रदेशातल्या पालमपूरचा अनुभव तर अधिक कठोर आहे. तेथे मका-गव्हाच्या आम्लधर्मी जमिनीत सतत नुसता युरिया दिलेल्या वाफ्यांत कालांतराने पीक येईनासेच झाले. आपली काळी जमीन चुनखडीयुक्त असल्याने आम्लतेचा आघात पचवते. मात्र त्यामुळेच येथील ऱ्हास डोळ्यांना दिसत नाही, आणि शेतकरी आणखी एक पोते टाकून मोकळा होतो.

शेणखत नेमके काय करते? अन्नद्रव्यांचे गाठोडे म्हणून पाहिले तर ते फार हलके आहे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात सुमारे अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे एका टनात पाच किलो. गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र द्यायचे म्हटले, तर कागदावरच २४ टन खत लागते. शिवाय त्यातले जेमतेम एक तृतीयांश नत्र पहिल्या पिकाच्या वाट्याला येते. इंग्लंडमधील रोथामस्टेड येथे १८४३ पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगात नुसत्या शेणखतावर रासायनिक खताच्या तोडीचे उत्पादन येते खरे, पण तेथे दरवर्षी हेक्टरी ३५ टन खत पडते! आपल्याकडे दावणीला दोन बैल आणि एक गाय, त्यातही निम्म्या शेणाच्या गोवऱ्या थापल्या जातात. तेथील आकडा येथे लावून कोणी सल्ला देत असेल, तर आधी त्याला गोठा दाखवावा.

शेणखताचे मोल वजनात नाही. सेंद्रिय पदार्थ मातीचे कण एकत्र बांधतो. भारी जमिनीत पाणी मुरते, हवा खेळते, वाफसा लवकर येतो. चुनखडीयुक्त जमिनीत स्फुरद चुन्याशी जखडले जाते. कुजलेल्या खतातून सुटणारी सेंद्रिय आम्ले हा विळखा सैल करतात. आपल्या अनेक जमिनींत कमी असलेले जस्त पिकाला मिळण्यास त्याची मदत होते. ज्वारीच्या कडब्याबरोबर शेताबाहेर जाणाऱ्या पालाशाचा काही भाग शेणावाटे परत येतो. थोडक्यात, विकत घेतलेले खत मुळांपर्यंत पोहोचवण्याचे काम शेणखत करते.

मेळ घालताना मात्र एक चूक नेहमी होते. कच्चे, काडीकचरा दिसत असलेले खत पेरणीच्या तोंडावर पसरले जाते. गव्हाच्या काडात नत्राच्या सुमारे ८० पट कर्ब असतो. इतका कर्ब कुजवण्यासाठी सूक्ष्म जीव जमिनीतील उपलब्ध नत्र स्वतःच खाऊन टाकतात आणि ज्वारीची रोपे तिसऱ्या आठवड्यात पिवळी पडतात. मग दोष युरियाला दिला जातो. हुमणी आणि तणाचे बी कच्च्या खतातूनच शेतात येते, हे वेगळेच.

म्हणून कुजलेले खत मे महिन्याच्या अखेरीस, वखराच्या शेवटच्या पाळीपूर्वी, ज्वारीच्या शेतात मिसळावे. पावसाळ्याची ऊब आणि ओल मिळाल्याने त्याचे विघटन होते आणि उरलेला लाभ पाठीमागच्या गव्हाला मिळतो. थंडीत गव्हाच्या पेरणीवेळी टाकलेले खत तितक्या वेगाने कामी येत नाही. ज्वारीला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस धरली आणि पाच टन शेणखत दिले, तर त्यातून कागदोपत्री २५ किलो नत्र मिळते व उरलेल्या ७५ किलोंसाठी १६३ किलो युरिया पुरतो. तरीही पहिल्याच वर्षी एवढी कात्री लावू नये. दोन-तीन वर्षे खत पडल्यावर, माती परीक्षण पाहून मग युरिया कमी करावा. गव्हाचे नत्र मात्र पेरणीवेळी निम्मे व २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना पहिल्या पाण्याच्या वेळी निम्मे, असेच द्यावे. ही निकड भागवण्याइतक्या वेगाने शेणखत नत्र सोडू शकत नाही.

विदर्भात खरीप ज्वारीची जागा आता बहुतांशी सोयाबीनने घेतली आहे. सोयाबीन आपले बरेचसे नत्र स्वतः मिळवते, त्यामुळे तेथे नत्राचा हिशेब बदलतो. शेणखताच्या वेळेचा नियम तोच राहतो.

पाच टन खत आणायचे कुठून, हा प्रश्न रास्त आहे. बांधावर गिरिपुष्प लावले तर त्याचा कोवळा पाला हिरवळीच्या खतासाठी वापरता येतो. पुसदचे पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका, यांनी रूढ केलेल्या दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच जाळीदार विटांच्या टाक्यात थोड्या शेणावर पुष्कळ काडीकचरा तीन-चार महिन्यांत कुजतो. त्याहून सोपे काम घरचेच आहे. उघड्या उकिरड्यातील नत्र उन्हात उडते आणि पावसात वाहून जाते. खड्डा सावलीत घ्यावा, गोठ्यातले मूत्र वाया न घालवता त्यात सोडावे, थरांवर थोडे सिंगल सुपर फॉस्फेट भुरभुरावे आणि खड्डा भरल्यावर माती-शेणाने लिंपून घ्यावा.