कर्नेल बदला, पण जुने लगेच काढू नका

विंडोज १० चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. दुकानातला जुना संगणक भंगारात घालण्यापेक्षा त्यावर उबुंटू, मिंट किंवा डेबियन बसवून घेणे स्वस्त पडते. चोरीची विंडोज वापरण्यापेक्षा ते निर्वेधही आहे, कारण त्यात कोणाचा हक्क मारला जात नाही. अडचण पुढे येते. बसवून देणारा मुलगा निघून जातो, पडद्यावर नवीन कर्नेल आल्याची सूचना दिसते आणि आपले बांधव भीतीपोटी ती महिनोन्महिने टाळतात.

कर्नेल हा लिनक्सचा गाभा होय. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो १९९१ मध्ये लिहावयास घेतला. अडत दुकानात माल, हमाल आणि गिऱ्हाईक यांचा मेळ जसा मुनीम घालतो, तसा यंत्र आणि प्रोग्राम यांचा मेळ कर्नेल घालतो. त्यात खोट राहिली तर साऱ्या दुकानाला धोका. 'डर्टी काऊ' नावाची अशीच एक खोट २००७ पासून कर्नेलमध्ये होती व ती २०१६ मध्ये दुरुस्त झाली. दुरुस्ती तयार असूनही ज्यांनी ती घेतली नाही, त्यांचे दार उघडेच राहिले. आपल्या संगणकात गिऱ्हाइकांची उधारी व फोन नंबर असतात; ती अमानत आहे.

हे काम ईशानंतर, दुकान वाढविल्यावर करावे. भर गर्दीत करू नये. प्रथम खातेवहीची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. गंगाखेडला वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज हवा किंवा संगणकाला बॅटरी बॅकअप हवा. कर्नेल बसत असताना वीज गेली तर काम अर्धवट राहते. तसे झालेच तर पुन्हा सुरू करून 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही आज्ञा द्यावी, अर्धे राहिलेले काम बहुधा पुरे होते.

आता टर्मिनल उघडावे. आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत टंकाव्यात. 'यूनेम -आर' दिल्यावर चालू कर्नेलचा क्रमांक दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा. 'डीएफ -एच' ने डिस्कवरील मोकळी जागा पाहावी. बूटचा भाग वेगळा असेल आणि तो भरत आला असेल तर आधी जागा करावी. नवे कर्नेल अडकण्याचे हे नेहमीचे कारण आहे. मग 'सुडो ॲप्ट अपडेट', म्हणजे कोणता माल नवा आला त्याची यादी मागविणे. त्यानंतर 'सुडो ॲप्ट अपग्रेड', म्हणजे तो माल आणून मांडणे. होय म्हणण्यापूर्वी पडद्यावरील यादी वाचावी. काही काढून टाकण्याची गोष्ट असेल आणि कारण कळत नसेल, तर नाही म्हणावे.

कर्नेल कोठून तरी उतरवून हाताने बसविण्याचा शौक दुकानाच्या संगणकावर करू नये. ॲप्ट आलेल्या मालाची शिक्कामोर्तब तपासतो व जुने कर्नेल जागेवर ठेवतो. आपला सारा बचाव या जुन्या कर्नेलमध्ये आहे.

संगणक बंद करून सुरू करावा व पुन्हा क्रमांक पाहावा. तो बदलला असेल, वायफाय, आवाज, पडदा ठीक असेल तर काम झाले. वायफायचा वेगळा डोंगल लावणाऱ्यांनी मोबाइलची यूएसबी केबल जवळ ठेवावी. त्याचा ड्रायव्हर नव्या कर्नेलशी जुळला नाही तर नेट त्या मार्गाने घेता येते.

पडदा काळाच राहिला तरी घाबरू नये. पुन्हा सुरू करताना शिफ्ट दाबून धरावी, नव्या यंत्रांवर एस्केप दाबावे. ग्रब नावाची यादी येते. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जाऊन वहीत लिहिलेला जुना क्रमांक निवडावा. दुकान सकाळी नेहमीसारखे उघडते, आणि दोष शोधायला सवड मिळते.

नवे कर्नेल आठवडाभर नीट चालल्यानंतरच 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह' द्यावे. चालू असलेले कर्नेल ते काढत नाही. जुन्यांपैकी नको ती काढून जागा मोकळी करते.