साडेसातची मालिका आणि सातबाऱ्यावरचे नाव

हुमणीचे भुंगेरे आणि टीव्हीवरची मालिका यांची वेळ एकच असते, हे कळायला मला नोकरीची बरीच वर्षे घालवावी लागली.

वळवाचा चांगला पाऊस झाला की जमिनीतले भुंगेरे संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बाहेर पडतात आणि बांधावरच्या कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. पुढे एकेक मादी जमिनीत 50-60 अंडी घालते आणि त्यातून निघालेली अळी उसाची मुळे कुरतडते. म्हणून भुंगेरे झाडावर असतानाच फांद्या हलवून ते खाली पाडायचे, गोळा करायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. एकट्याने हे करून भागत नाही. सगळ्या शिवाराने एकदम करावे लागते.

2022 च्या जूनमध्ये माझ्या मंडळातल्या एका गावात मी यासाठी संध्याकाळी सातची सभा ठेवली. मारुतीच्या देवळापुढे पाच पुरुष आले. बाई एकही नाही. चौकशीला एका घरी गेलो, तर सोप्यात दहा-बारा बायका टीव्हीपुढे बसलेल्या. एक म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "सायेब, भुंगं काय लगीच पळून जात न्हाईत. आठाला येतो समद्या. आत्ता अरुंधतीचं बघायचं हाय."

मला राग आला. पण दारात उभे राहून करणार काय? मीही टेकलो. पडद्यावर एक पात्र आले तशी शेजारच्या मुलीने "ही कोण?" म्हणून विचारले आणि माझ्या तोंडून उत्तर निघून गेले, "ती संजना." सगळ्या खळाळून हसल्या. "आगं बया, सायेबबी बघत्यात की!"

आठ वाजता मालिका संपली. बायका बादल्या, कंदील, बॅटऱ्या घेऊन बाहेर पडल्या आणि दहापर्यंत त्यांनी पाटाकडेची सगळी झाडे झोडपली. माझ्या पाच पुरुषांनी आठवडाभरात केले नसते एवढे काम झाले. त्या दिवसापासून त्या गावातली माझी सभा मालिका संपल्यावर असते.

जुना रोग

खरे सांगायचे तर हे वेड मला लहानपणापासूनच आहे. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, पण आमच्या गावात टीव्ही यायला आणखी बरीच वर्षे गेली. आला तो एकाच घरी. वडील तिथे 'आमची माती आमची माणसं' बघायला जात आणि मी त्यांच्या धोतराला धरून जाई. त्यांना बियाण्याची माहिती हवी असे, मला पुढचा कार्यक्रम.

7 जुलै 1984 रोजी 'हम लोग' सुरू झाली. आम्हाला हिंदी अर्धीच कळे. पण दारू पिणारा बाप, सोसणारी आई आणि लग्नाची मुलगी यांना भाषा कसली लागते? शेवटी अशोककुमार येऊन घरातल्या वडीलधाऱ्यासारखे चार शब्द बोलत. 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले, तेव्हा तर बैल दावणीला आणि माणसे अंगणात अशी अवस्था असे. काही बायका टीव्हीला हार घालून हात जोडत. हीच मालिका 2020 च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवली, तेव्हा मी ती आईशेजारी बसून पाहिली.

'हम लोग'ची एक गोष्ट मला कृषी पदवी घेऊन नोकरीला लागल्यावर समजली. त्या वेळचे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे 1982 साली मेक्सिकोला गेले होते. तिथे मालिकांमधून लोकशिक्षण करत. त्यावरून ही कल्पना आपल्याकडे आली. पहिल्या 13 भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला आणि लोक कंटाळले. मग मनोहर श्याम जोशींच्या लेखणीतून घरातली सुखदुःखे पुढे आली, उपदेश मागे सरला आणि मालिका घराघरात पोचली. आम्हा विस्ताराच्या माणसांनी हे लिहून ठेवण्यासारखे आहे. तक्ते टांगून तासभर भाषण केले की लोक जांभया देतात. "तुमच्या शेजारच्या तात्यांनी काय केले बघा," म्हटले की कान टवकारतात.

आपली बोली, आपला बांध

नंतर मालिका आपल्याकडच्या झाल्या. 2016 साली 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये कोल्हापूरचा पैलवान राणा आणि शिक्षिका अंजली आली. चित्रीकरणाचा वसगड्याचा वाडा बघायला लोक गाड्या करून जाऊ लागले. 2017 ची 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडची, फौजीची. आमच्या भागात पुष्कळ घरांतला मुलगा सैन्यात असतो, त्यामुळे फौजी रजा संपवून निघाला की इथे खऱ्या आया डोळ्यांना पदर लावत.

आमचे शेतकरी मात्र चुका काढण्यात पटाईत. "सायेब, ह्यांच्या घरात दूध येतंय, पर धार काढताना कोण दिसत न्हाई." "रातच्या लाइटीनं पाणी पाजायला ह्यातला एकजण तरी उठतो का?" तक्रार खरी आहे. पण दुसऱ्या दिवशी साडेसातला तक्रार करणारेच पुढच्या रांगेत असतात.

अरुंधतीच्या निमित्ताने

'आई कुठे काय करते' 23 डिसेंबर 2019 रोजी सुरू झाली. पंचवीस वर्षे घरासाठी खपलेली अरुंधती, मधुराणी प्रभुलकर यांनी उभी केलेली. नवऱ्याचे दुसरीकडे प्रेमसंबंध असल्याचे तिला कळते आणि पुढे ती स्वतःच्या पायावर उभी राहते. शहरातल्या बंगल्याची ही कथा आमच्या बायकांना एवढी का लागावी, याचे मला कोडे होते.

भुंगेऱ्यांच्या त्या मोहिमेनंतर एका रात्री बचत गटाच्या बायका बसल्या होत्या. कोणी म्हणाली, एवढी राबली आणि घर कोणाचे? त्यावर त्या काकूंनी मला विचारले, "सायेब, मी चाळीस वरसं भांगलतीया. त्या रानात माजं काय हाय?"

त्या रात्री मी हुमणी बाजूला ठेवली आणि त्यांना लक्ष्मीमुक्तीची माहिती दिली. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने बायकोच्या नावावर जमीन करण्याची मोहीम चालवली होती. पुढे 1992 साली महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढले. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर बायकोचे नाव सहधारक म्हणून लागते. अर्ज तलाठी कार्यालयात द्यायचा, मग फेरफार होतो. नाव लागले की जमीन विकताना किंवा गहाण टाकताना तिला विचारल्याशिवाय चालत नाही. शेतीच्या योजनांसाठीही सातबाऱ्यावर नाव असले तर तिला स्वतः अर्ज करता येतो.

घरी आलो. आमच्या सौभाग्यवतींना मोठ्या रुबाबात सगळे सांगितले. त्यांनी ताट वाढता वाढता विचारले, "आणि आपल्या सातबाऱ्यावर?"

बंधूंनो, मी गप्प झालो. वडिलोपार्जित दीड एकर माझ्या वाट्याला आले, त्यावर माझे एकट्याचे नाव. मी नोकरीच्या गावी आणि पंधरा वर्षे त्या जमिनीची पेरणी, मजूर, मळणी बघितली ती हिने. दुसऱ्यांना सल्ला देणाऱ्याचे स्वतःचे उतारे असे! पुढच्या सोमवारी अर्ज दिला. नाव लागलेला उतारा हाती दिला तेव्हा तिने तो दोनदा वाचला, घडी करून देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवला आणि म्हणाली, "आता रिमोटवरही नाव लावा."

त्या गावात पुढे काही जणांनी अर्ज केले. त्यात काकूंच्या घरचा अर्ज नव्हता. काकांना अजून पटलेले नाही. काकू म्हणतात, "मालिका एका दिसात संपती व्हय?"

वेळ बदलली

18 मार्च 2024 पासून साडेसातला 'घरोघरी मातीच्या चुली' ही नवी मालिका आली आणि अरुंधती दुपारी अडीचला गेली. शहरात दुपारी उसंत मिळत असेल. आमच्याकडे मार्चच्या अडीचला बाई गव्हाच्या रानात नाही तर उसाच्या फडात. पुष्कळजणींची अरुंधती तिथेच सुटली. कोणी नातवाच्या मोबाइलवर रात्री बघे, कोणी शेजारणीला विचारून घेई. 30 नोव्हेंबर 2024 रोजी मालिका संपली तेव्हा काकू म्हणाल्या, "शेवट मला सुनंनं सांगितला, बगायला न्हाई मिळाला."

नव्या मालिकेला आधी नावे ठेवली, आठवडाभरात तिच्या सासूसुनेची भांडणे पारावर सुरू झाली. आता कुठल्याही नव्या मालिकेची जाहिरात लागली की आमच्या घरात अंदाज बांधणे सुरू होते आणि त्यात मी सर्वांत पुढे असतो. माझी हौस एवढीच, की एखाद्या येत्या मालिकेत पहाटे धार काढणारी, रात्री मोटार चालू करायला जाणारी आणि सातबाऱ्यावर नाव असलेली नायिका दिसावी.

ती येईल तेव्हा येईल. तोवर वाचकहो, मालिका जरूर बघा. पुरुषांनीही घरच्यांसोबत बसून बघा. मात्र भुंगेऱ्यांच्या दिवसांत आठला उठा आणि बादली घ्या. आणि या आठवड्यात एकदा आपला सातबारा काढून त्यावर कोणाकोणाची नावे आहेत, ते घरात मोठ्याने वाचून दाखवा.