उभ्या गाडीने धरलेला ब्रेक

ऐन जुलैत हँडब्रेक ओढून रत्नागिरीच्या अंगणात पंधरा दिवस उभी ठेवलेली गाडी. सुरू होते झटक्यात. पण गिअर टाकून क्लच सोडला की मागची बाजू जराशी खाली बसते आणि चाकं ढिम्म. हँडब्रेक तर केव्हाच खाली केलाय. मग धरलंय कोणी?

गंजाने. आणि तो चढतो कसा, हे बघण्यासारखं आहे. बहुतेक छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रम ब्रेक असतो. ड्रम बिडाचा, त्याच्या आत दोन अर्धगोल शू, शूवर लायनर. हँडब्रेक ओढला की लायनर ड्रमला दाबून बसतात. मधल्या फटीत पावसाचं पाणी शिरतं आणि सुकायला वाव मिळत नाही. त्यात समुद्राचा खारा वारा! मीठ मिसळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही मुळात विजेचीच सूक्ष्म देवघेव असल्याने तिला वेग येतो. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या स्लॅबमधल्या सळ्या काँक्रीट फोडून बाहेर येतात, त्या याच फुगण्याच्या जोरावर. इथे फुगायला जागाच नसते, म्हणून गंज लायनरच्या बारीक छिद्रांत शिरतो आणि ड्रम व लायनर यांना एकजीव करतो. डिंकाचा थेंबही न लावता!

शेजारच्या मोटरसायकलची डिस्क मात्र त्याच पावसात चकचकीत, कारण ती स्टेनलेस स्टीलची. मग मोटारीला बीड का? टनभर वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना जी उष्णता तयार होते, तिच्यात लिटरभर गार पाणी उकळेल. बिडात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात. ते ही उष्णता भराभर वाहून नेतात आणि थरथरही गिळतात. शिवाय बीड स्वस्त. गंज पत्करून उष्णता सांभाळायची, असा हा सौदा आहे, आणि माझ्या मते शहाणपणाचा. मोटारीच्या बिडाच्या डिस्कवर रात्रीतून चढलेला तांबूस थर पहिल्या दोन-चार ब्रेकमध्ये पुसलाही जातो.

जाम झालेली गाडी बहुतेकदा हळुवार सुटते. पहिला गिअर, मग रिव्हर्स, पुन्हा पहिला, असं तिला जरा झुलवायचं. ‘कडाक्’ असा आवाज आला की सुटली. रेस देऊन ओढू नका; लायनर शूवरूनच उखडतो. झुलवून भागलं नाही, तर मेकॅनिक बाकीच्या चाकांना दगड लावतो, चाक काढतो आणि ड्रमला हलके ठोके देतो. लायनरवर तेलाचा फवारा कधीच मारू नये, ब्रेक लागायचाच बंद होईल. कधी दोष ड्रमचा नसतोच. हँडब्रेकची केबल आवरणात गंजून अडकलेली असते. ती बदलावी लागते.

पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागा बघा, गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा. उतारावर हा प्रयोग नको. आणि सुटलेली गाडी थोडी चालवल्यावर एखादं चाक इतरांपेक्षा तापलेलं वाटलं किंवा जळका वास आला, तर ब्रेक अजून धरतोय. तिथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.