मेल सर्व्हर दोन, पासवर्ड एक: लॉगिनची पद्धत कशी निवडायची?

फोनमध्ये कॉलेजचा किंवा ऑफिसचा मेल स्वतः सेट केला असेल, तर अ‍ॅपने ‘इनकमिंग सर्व्हर’ आणि ‘आउटगोइंग सर्व्हर’ असं दोनदा विचारलं असेल. पासवर्ड मात्र आपण एकच टाकतो. हे कसं जमतं?

मेल दाखवणारा आणि पाठवणारा हे दोन वेगळे प्रोग्रॅम असतात. लिनक्स सर्व्हरवर बऱ्याचदा दाखवायचं काम डव्हकॉट करतो (आयमॅप, पोर्ट 993) आणि पाठवायचं पोस्टफिक्स (एसएमटीपी, पोर्ट 587 किंवा 465). सोसायटीला दोन गेट असली, तरी दोन्ही वॉचमनकडे यादी एकच हवी ना? इथेही तसंच. याद्या वेगळ्या असल्या, तर नोकरी सोडून गेलेल्याचा इनबॉक्स बंद होतो, पण कंपनीच्या नावाने मेल पाठवणं चालूच राहतं!

यादी कुठे ठेवायची?

- सिस्टीम युजर: चार-पाच जणांसाठी सोपं. पण मेलचा पासवर्ड फुटला, तर सर्व्हरचं लॉगिनही धोक्यात येऊ शकतं.
- पासवर्ड फाइल: फक्त मेलसाठी वेगळी यादी. छोट्या ग्रुपला पुरेशी.
- एसक्यूएल डेटाबेस: अनेक डोमेन असतील किंवा लोकांना वेबपेजवरून पासवर्ड बदलू द्यायचा असेल, तर हाच बरा.
- एलडॅप: वाय-फाय, कॉम्प्युटर, मेल सगळ्याला एकच लॉगिन असलेल्या कॉलेज-ऑफिससाठी.

तपासणार कोण?

पोस्टफिक्स पासवर्ड स्वतः तपासत नाही. ते काम तो सायरस किंवा डव्हकॉटच्या ‘सॅसल’ यंत्रणेवर सोपवतो. मी डव्हकॉट निवडेन. तो सर्व्हरवर आहेच. पोस्टफिक्सने त्यालाच विचारलं की यादी एक आणि तपासणाराही एक. पोस्टफिक्स 2.3 पासून (2006) ही सोय आहे.

‘प्लेन’ नावाला घाबरू नका

‘क्रॅम-एमडी5’ पद्धतीत पासवर्ड वायरवरून जात नाही, म्हणून ती जास्त सुरक्षित वाटते. गंमत म्हणजे, त्यासाठी सर्व्हरला मूळ पासवर्ड किंवा त्याच्याच तोडीचं काहीतरी साठवावं लागतं. सर्व्हर हॅक झाला की सगळंच गेलं! त्यापेक्षा टीएलएस सक्तीचं करा, त्याच्या आतून ‘प्लेन’ पद्धत वापरा आणि सर्व्हरवर पासवर्डचा फक्त बीक्रिप्ट किंवा आर्गॉन2 हॅश ठेवा.

शेवटची टेस्ट

एक टेस्ट अकाउंट उघडा, फोनमध्ये जोडा आणि सर्व्हरवरून बंद करा. आधीपासून उघडं असलेलं कनेक्शन तोडायला विसरू नका, नाहीतर जुना मेल थोडा वेळ दिसत राहू शकतो. आता मेल वाचताही येत नाही आणि पाठवताही येत नाही? मग तुमची दोन्ही गेट एकाच यादीवर चालताहेत.